रोबोटिक सर्जरी: शिकवणारा सर्जन शेवटच्या टाक्यापर्यंत थिएटरात हवाच

अनघा_प:
इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या फ्रीमन हॉस्पिटलात फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पेशंटच्या हृदयाची मायट्रल झडप रोबोटने दुरुस्त करायला घेतली. सर्जनची या पद्धतीची पहिलीच केस. मदतीला बोलावलेले दोन अनुभवी तज्ज्ञ ऑपरेशन संपायच्या आतच निघून गेले. टाके चुकले, उसवावे लागले, कॅमेऱ्यावर रक्त उडालं. काही दिवसांनी पेशंट गेला. नेहमीच्या पद्धतीने केलं असतं तर तो बहुधा वाचला असता, असं २०१८ च्या चौकशीत निघालं. शिकवणारा निघाला, तर रोबोट बाजूला करून ओपन, म्हणजे नेहमीसारखं मोठा छेद घेऊन हाताने ऑपरेशन करायचं, असा नियमच हवा.

विक्रांत७१:
एका केसवरून सगळ्यांना बांधून ठेवू नका. दुर्बिणीने पित्ताशय काढायला लागले तेव्हाही सुरुवातीला पित्तनलिकेला इजा झाल्याच. आज तेच ऑपरेशन लहान गावांतही होतं. कुणीतरी पहिला पेशंट असणारच. तज्ज्ञाला दिवसभर थांबवायचा खर्च लहान शहरातल्या हॉस्पिटलाने कुठून करायचा?

अनघा_प:
पहिला पेशंट असू दे, पण सर्जनचा हात सिम्युलेटरवर आधी बसलेला हवा. सर्जन ज्यावर बसून रोबोट चालवतो, त्या कन्सोलची आता जोडी लावायची सोय आहे. शिकणाऱ्याचा हात चुकतोय असं दिसलं की गुरू शेजारून हत्यारांचा ताबा घेतो. गुरू थिएटरात असला तरच ना!

थिएटर_सिस्टर:
तुम्ही दोघं फक्त सर्जनबद्दल बोलताय. मी रोबोटच्या केसेस लावते. सर्जन कन्सोलवर बसलेला, स्टराइल (निर्जंतुक) नसतो. जोरात ब्लीडिंग सुरू झालं तर तो स्क्रब होऊन (हात निर्जंतुक धुऊन) गाऊन-ग्लोव्हज चढवेपर्यंत टेबलाशी असिस्टंट आणि आम्हीच. हत्यारं काढायची, पोर्टपासून (हत्यारं आत घालायच्या नळ्यांपासून) रोबोटचे हात सोडवायचे, ते हात बसवलेली कार्ट मागे घ्यायची, ओपनचा सेट उघडायचा. आम्ही रिकाम्या टेबलावर याची तालीम केली. पहिल्याच वेळी एक हात पोर्टला अडकलेला आणि आम्ही कार्ट ओढायला निघालेलो. टेबलावर माणूस असता तर? अजून अंगावर काटा येतो.

विक्रांत७१:
सिस्टर, हे शंभर टक्के मान्य. तालमीला पैसेही लागत नाहीत. पण तज्ज्ञाची सक्ती पहिल्या काही केसेसपुरतीच ठेवा.

अनघा_प:
'काही' म्हणजे किती, ते मशीन विकणाऱ्या कंपनीने ठरवू नये. बाहेरच्या सर्जनने रेकॉर्डिंग बघून ठरवावं. आणि आपण कितवी केस आहोत, हे पेशंटला सही घेण्याआधी सांगा.