जुने टू-स्ट्रोक इंजिन: क्रँकचे सील बदलावेत का?

प्रश्न: बरीच वर्षे बंद असलेल्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचे इंजिन उघडले असून, सिलिंडरवर उभे ओरखडे असल्याने तो बोअर करून (आतून किंचित मोठा कापून) ओव्हरसाइज, म्हणजे त्या मापाचा मोठा पिस्टन बसवणार आहे. क्रँकचे सील (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या दोन्ही बाजूंचे, हवा-ऑइल अडवणारे रबरी कडे) वरवर चांगले दिसतात, तरीही ते बदलावेत का? कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) बाजूला किंचित हलतो, वर-खाली मात्र नाही.

उत्तर १: सील निःशंकपणे बदलावेत. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या बंद कप्प्यात) दाबले जात असल्याने, कडक झालेल्या सीलमधून बाहेरची हवा शिरली की मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण घटते, पिस्टन तापतो आणि नवा असूनही जाम होतो. गिअरबॉक्सच्या बाजूचा सील गेल्यास तिकडचे ऑइल खेचले जाऊन दाट धूर येतो, आणि लोक उगाच कार्ब्युरेटर खोलत बसतात. रॉडला बाजूचा थोडा खेळ हवाच. उभा खेळ असता कामा नये.

उत्तर २: सहमत आहे. बोअरिंगनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतील वायू जाण्या-येण्याच्या छिद्रांच्या) कडांवरून बोट फिरवून पाहावे. धार लागत असल्यास ती हलक्या हाताने मोडावी, अन्यथा पिस्टनवरची रिंग अडकून तुटते. रिंगची तोंडे खाचेतील पिनेवरच यावीत. सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) मात्र नव्याच घ्याव्यात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दोन्ही सील आणि सर्क्लिप मागवतो.