हेडलाईटचा बल्ब घरीच बदलताना : अनुभव धागा

पावसाळा तोंडावर आला. डिपर (जवळचा, खाली पडणारा झोत) गेलाय हे नेमकं पहिल्या ओल्या रात्री कळतं. बल्ब बदलणं दहा मिनिटांचं काम, पण ते दहा मिनिटांत होत नाही याची कारणं बरीच आहेत. ती इथे गोळा करूया. बल्ब कुठला, हात कुठे अडकतो, काय मोडतं, तेवढंच लिहा. नमनाला घडाभर तेल नको. (प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सुरुवात मीच करते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एका दिव्याला एकच बल्ब असतो : एच-४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. ६० चा अप्पर (लांबचा झोत), ५५ चा डिपर, दोन्ही फिलामेंट एकाच काचेत. अप्पर-डिपरचे बल्ब वेगळे असतील तर बहुधा एच-७, एच-११ किंवा एचबी-३. दुकानात मॉडेल सांगत बसू नका, जुना बल्बच न्या. त्याच्या बुडावर प्रकार लिहिलेला असतो.

दहाचा पाना

एच-४ चा क्रम लिहितो. दिवे बंद, चावी बाहेर, दिवा चालू होता तर १५ मिनिटं थांबा. मागचा कपलर (बल्बला वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा तुकडा) धरून डावी-उजवीकडे हलवत सरळ ओढायचा, वायरीला हात लावायचा नाही. मग रबरी बूट, म्हणजे दिव्याच्या मागचं झाकण. त्याला एक कान असतो, तो धरून कडेपासून सोलल्यासारखा काढा.

खरी मेख बल्ब धरून ठेवणाऱ्या तारेच्या क्लिपमध्ये. ती आधी आत दाबायची, दाबलेली ठेवूनच बाजूला सरकवायची, मग सुटते. नुसती ओढली की वाकते. वाकलेली क्लिप बल्बला दाबून धरत नाही आणि खड्ड्याखड्ड्यातून झोत नाचायला लागतो. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या; परत लावताना दिसत काहीच नाही, सगळं बोटांनी चाचपूनच.

नव्या बल्बच्या चकतीला तीन कान असतात, वरचा रुंद. कपलर बसतो ती मागची तीन पाती दाराच्या चौकटीसारखी : वर एक आडवं, दोन बाजूंना दोन उभी. आडवं वर आलं म्हणजे बल्ब सुलटा. बसल्यावर बोटाने फिरवून बघा. फिरला तर बसलेला नाही, आणि तशा बल्बवर क्लिप जोर करून लावली तरी लागते!

स्पिरिट-कापूस

काचेला बोट लावू नका हे सगळे सांगतात, का ते कोणी सांगत नाही. ही काच क्वार्ट्झची, चालू असताना काही शे अंश तापते. बोटांवरचं तेल नि मीठ तिथे भाजून बसतं, त्या जागी काच पांढुरकी होऊन कमकुवत पडते. बल्ब चकतीला धरूनच हाताळा. बोट लागलंच तर कापसाला स्पिरिट लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

जुना बल्ब फेकण्याआधी उजेडात धरा. आतून काळपट म्हणजे वयाने गेला. पांढरा धूर बसल्यासारखा दिसला तर आत हवा शिरली, म्हणजे काचेला तडा किंवा सील गेलं. काच लख्ख आणि फिलामेंट शाबूत, तर गुन्हेगार बल्ब नाही. फ्यूज बघा.

गल्लीतला इलेक्ट्रिशियन

वरच्याला जोडून. डिपर लावल्यावर एकाच बाजूचा दिवा मिणमिणतोय, दोन्ही फिलामेंट अर्धवट लाल आणि मीटरमधली अप्परची निळी खूणही मंद पेटलेली, तर दहा बल्ब बदलले तरी काही होणार नाही. त्या बाजूचं अर्थिंग सुटलंय. करंटला बॉडीकडे वाट मिळत नाही म्हणून तो उलटा अप्परच्या फिलामेंटमधून दुसऱ्या दिव्याकडे जातो. अर्थच्या वायरीचा बोल्ट काढा, खालचा रंग नि गंज पॉलिश पेपरने घासा, परत घट्ट आवळा.

कपलर तपासल्याशिवाय नवा बल्ब लावू नका. प्लॅस्टिक तपकिरी झालंय, एखादी पिन हिरवी पडलीय किंवा सैल आहे, तर तिथेच उष्णता तयार होते. नवा बल्ब त्याच कपलरमध्ये वर्षभर टिकत नाही. सिरॅमिकचा होल्डर मिळतो, तो जोडा. वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी मारू नका. सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा.

आणि ते १००/९० वॅटचे बल्ब. ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० ला ८.३. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. आधी कपलर वितळतो, मग स्विच जळतो, परावर्तकाचा मुलामाही उडतो. रिलेची वेगळी हार्नेस (बॅटरीतून थेट करंट आणणारा वायरींचा संच) टाकली तर वायरिंग वाचेल. पण समोरच्याचे डोळे दिपणार आणि पोलिसाची पावतीही फाटणार.

अप्पर-डिपर

मग एच-४ च्या जागी एलईडी? दुकानदार तर 'काढा-लावा' म्हणतात.

भिंत आणि खडू

बसतो, पण झोत बसत नाही. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची चिमुकली वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, त्यातूनच भिंतीवर ती स्वच्छ आडवी रेघ पडते. एलईडीच्या टिकल्या फिलामेंटच्या जागेपासून मिलिमीटरभर सरकल्या तरी रेघ विस्कटते. शिवाय दिव्याला मान्यता हॅलोजनवर मिळालेली, तीही उरत नाही. निळ्या काचेच्या हॅलोजनचंही सांगतो : तो निळा थर उजेडच खातो.

बल्ब बदलल्यावर भिंत हवीच. सपाट जागा, टायरात हवा बरोबर, चालकाच्या जागी माणूस, गाडीच्या आतली झोत वर-खाली करायची चकती शून्यावर. भिंतीपासून ५ मीटरवर रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर खाली हवी (दिव्यावर झोताचा उतार १ टक्का लिहिलेला असेल तर). आपण डावीकडून चालवतो म्हणून रेघ डावीकडे वर चढते. दोन दिव्यांत फरक दिसला की लगेच झोत जुळवायचा स्क्रू फिरवू नका. कालपर्यंत जुळत होतं नि आज नाही, तर बल्ब तिरका बसलाय. उघडा नि परत बसवा.

दहाचा पाना

बॅटरीच्या बाजूचा दिवा राहिला. काही गाड्यांत बॅटरी काढल्याशिवाय हातच जात नाही. आधी मायनस सोडा, लावताना तो शेवटी. उलट केलंत तर प्लस सोडताना पाना बॉडीला टेकतो आणि ठिणगी उडते.

स्पिरिट-कापूस

बूटावर 'टॉप' लिहिलेलं वरच ठेवा आणि कडेने बोट फिरवून सगळीकडे बसलाय का बघा. पहिल्या पावसानंतर काचेवर आतून आलेलं हलकं धुकं दिवा लावल्यावर जातं, ते चालेल. थेंब ओघळत असतील तर बूट उचललेला आहे.

बल्ब जोडीनेच बदला. दुसरा त्याच वयाचा असतो. चालू असलेला जुना डबीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्या.