शेंगापोळी हलकी कशी करावी?

प्रश्न : सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत, संक्रांतीला, आमच्याकडे शेंगापोळी होतेच, परंतु यंदा सासऱ्यांसाठी ती हलकी करायची आहे. गूळ कमी केल्यास सारण सुटे होऊन पोळी फुटते, यावर उपाय काय?

उत्तर : ताई, दाण्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असल्यामुळे खरा भार तिथे आहे, म्हणून थोडे दाणे कमी करून त्याऐवजी कोरडे भाजलेले बेसन घालावे आणि सारण बांधले जात नसेल तर दुधाचा हबका द्यावा. मात्र अशी पोळी फार टिकत नाही.

उत्तर : तूप तव्यावर न सोडता वाढताना चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ४५ कॅलरी, पुरे.

उत्तर : गूळ साखरेपेक्षा हलका असतो, हा गैरसमज आहे. सासऱ्यांना मधुमेह असल्यास पोळीच लहान लाटावी.