मदत हवी आहे: एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या आयसीयूतल्या) बाळाचे रक्त गोठण्याचे रिपोर्ट

नमस्कार मंडळी, पुण्यातून लिहितोय. मुलगी ३० आठवड्यांतच झाली, वजन १४०० ग्रॅम, आज पाचवा दिवस. परवापर्यंत नळीने दूध पचत होतं, मग एकदम मलूल पडली, पोट फुगलं, डॉक्टर म्हणाले रक्तात इन्फेक्शन आहे. काल टाचेला टोचलं तिथलं रक्त थांबेचना, सिस्टरनी कापूस दाबून धरला, बदलला, तो पण लाल, आणि मी काचेबाहेर उभा. मग रक्त गोठण्याच्या टेस्ट पाठवल्या तर पहिलं सॅम्पल लॅबने परत पाठवलं, ट्यूबमध्येच गुठळी झाली म्हणे. टाचेचं थांबत नाही आणि ट्यूबमधलं गोठलं, हे कसं?

दुसऱ्या सॅम्पलचा रिपोर्ट: पीटी १९ सेकंद, एपीटीटी ६२ (दोन्ही रक्त गोठायला लागणारा वेळ), फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) ९५, डी-डायमर (गुठळी विरघळून उरणारे तुकडे) जास्त, प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) दोन दिवसांत १ लाख ४० हजारवरून ६२ हजार. डॉक्टर म्हणाले डीआयसी (अंगभर बारीक गुठळ्या होऊन रक्त गोठवणारे घटक संपतात तो प्रकार) वाटतंय, एफएफपी (रक्तदात्याचा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) देतोय. एपीटीटीसमोर नॉर्मल २५ ते ३५ छापलंय, ते बाळांचं आहे का? आणि एवढ्याशा जिवाचं रोज रक्त काढतात ते चालतं का? बायको टाके घेऊन वॉर्डात पडलीये, सारखी विचारते, तिला काय सांगू कळत नाही.

प्रतिसाद:
दादा, मी पुण्यातच लॅबमध्ये आहे, लहान बाळांची सॅम्पल रोज बघते. आधी गुठळीचं सांगते. बाळाचं रक्त थेंब थेंब येतं, निळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या सायट्रेटमध्ये (रक्त गोठू न देणारं द्रव्य) वेळेत मिसळलं नाही की गोठतं. त्यावरून गोठण्याची ताकद चांगली आहे असं धरायचं नाही. उलट ट्यूब कमी भरली तर सायट्रेट जास्त होऊन वेळ खोटीच लांब येते, आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेल्या लाइनमधून, म्हणजे रक्तवाहिनीत घातलेल्या नळीतून, घेतलं तरी तसंच, म्हणून सॅम्पल कुठून घेतलं ते नक्की विचारा.

२५ ते ३५ मोठ्या माणसांचं आहे. बाळाचं लिव्हर कच्चं असतं, व्हिटॅमिन के वर चालणारे २, ७, ९, १० हे फॅक्टर (रक्त गोठवणारे घटक) कमी असतात, त्यात वेळेआधीचं बाळ, त्यामुळे एकटा ६२ बघून घाबरू नका. डी-डायमर पण नवजात बाळात एरवीही वाढलेला असतो. पण प्लेटलेट इतक्या झपाट्याने पडल्यात, फायब्रिनोजेन कमी आहे, वर इन्फेक्शन आणि टाचेचं रक्त, हे सगळं एकत्र आलं की डॉक्टर डीआयसी म्हणतात आणि ते बरोबरच आहे. इन्फेक्शन आटोक्यात येणं हाच खरा उपाय, एफएफपीने तोवर सांभाळून घेतात. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिल्याची नोंद फाइलमध्ये आहे ना तेही विचारा.

रक्ताचं म्हणाल तर तिच्या अंगात सगळं मिळून साधारण सव्वाशे मिली, चहाचा एक कप. म्हणून रोज किती काढलं ते सिस्टर लिहून ठेवतात, छोट्या ट्यूबला एक मिली पुरतं.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. सिस्टरना विचारलं, सॅम्पल बेंबीच्या लाइनमधूनच घेतलं होतं, उद्या शिरेतून घेतो म्हणाल्या. के चं इंजेक्शन दिलंय. आत्ता प्लेटलेटची पिशवी आणायला रक्तपेढीत आलोय, बायकोला चहाच्या कपाचं नाही सांगितलं, बाकी सगळं सांगितलं. एफएफपी दिल्यावर फायब्रिनोजेन परत किती तासांनी बघतात?