फ्रेडरिक ओव्हरडाइकचे ३ धावांत ७ बळी: या कामगिरीचे मोल कसे ठरवावे?

स्क्वेअरलेग:
आंतरराष्ट्रीय टी-२० मधील गोलंदाजीचे विक्रम चाळताना नेदरलँड्सच्या फ्रेडरिक ओव्हरडाइक या मध्यमगती गोलंदाजाचे नाव समोर आले. २६ ऑगस्ट २०२१ रोजी स्पेनमध्ये, विश्वचषकाच्या युरोपीय पात्रता स्पर्धेत तिने फ्रान्सविरुद्ध ४ षटकांत ३ धावा देऊन ७ बळी घेतले. आंतरराष्ट्रीय टी-२० च्या एका डावात ७ बळी घेणारी ती पुरुष व महिला मिळून पहिलीच खेळाडू ठरली. त्याआधी पुरुषांमधील सर्वोत्तम कामगिरी दीपक चहरची होती, नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरला बांगलादेशविरुद्ध ७ धावांत ६ बळी. या दोन कामगिऱ्या एकाच तक्त्यात शेजारी ठेवणे कितपत न्याय्य आहे? आणि तो एक दिवस वगळला, तर तिच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे?

थर्डमॅन:
तक्ता योग्यच आहे, फक्त तो कशाचा आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. आयसीसीने १ जुलै २०१८ पासून आपल्या सर्व सदस्य देशांच्या महिला संघांमधील टी-२० सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा दिला. पुरुषांच्या बाबतीत हाच नियम १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. त्यामुळे फ्रान्ससारख्या, क्रिकेट फारसे न रुजलेल्या देशाविरुद्धचा सामनाही अधिकृत नोंदींत येतो. हा निर्णय नसता तर ते ७ बळी पात्रता स्पर्धेच्या एखाद्या जुन्या धावफलकात पडून राहिले असते. पुढे एप्रिल २०२४ मध्ये इंडोनेशियाच्या रोहमालियाने मंगोलियाविरुद्ध एकही धाव न देता ७ बळी घेतले आणि ओव्हरडाइकचे आकडे मागे पडले. ‘पहिली’ हा मान मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

तरीही चहरशी तुलना मला पटत नाही. नागपूरचा सामना मालिकेचा निकाल ठरवणारा होता, आणि १७५ धावांचा पाठलाग करणाऱ्या बांगलादेशकडून मोहम्मद नईमने ८१ धावा केल्या होत्या. फ्रान्सचा अख्खा डाव ३३ धावांत आटोपला. आकडे एका जातीचे असले तरी प्रसंग एका तोलाचे नाहीत.

पॉपिंगक्रीझ:
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डच महिला क्रिकेटचा इतिहास आपल्याकडे समजला जातो त्याहून बराच जुना आहे. १९८४ मध्ये हार्लेम येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी पहिला एकदिवसीय सामना खेळला, १९८८, १९९३, १९९७ आणि २००० अशा चार विश्वचषकांत भाग घेतला, आणि त्यांपैकी भारतात झालेल्या १९९७ च्या स्पर्धेत तर उपांत्यपूर्व फेरी गाठली. २००७ मध्ये रॉटरडॅमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एक कसोटीही झाली; ती त्यांची आजवरची एकमेव कसोटी. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. २०११ च्या विश्वचषक पात्रता स्पर्धेनंतर त्यांचा एकदिवसीय दर्जा गेला आणि तो परत मिळायला २०२२ साल उजाडले.

ओव्हरडाइकचा जन्म २००० सालचा. म्हणजे तिची पिढी वयात आली ती नेमकी या मधल्या काळात, जेव्हा पन्नास षटकांचा अधिकृत सामना डच मुलींच्या वाट्याला येतच नव्हता. २०१८ च्या निर्णयामुळे टी-२० चे दार उघडले आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रीय संघात स्थान मिळाले. भारत, इंग्लंड यांसारख्या आयसीसीच्या पूर्ण सदस्य देशांच्या खेळाडूंशी तिची तुलना करताना सामन्यांच्या संख्येतली ही तफावत प्रथम विचारात घ्यायला हवी. सरासरी वगैरे नंतर.

नाइटवॉचमन:
वरील सर्व मान्य करूनही मी थोडा विरुद्ध सूर लावतो. ज्या स्पर्धेत तो विक्रम झाला, तिच्यातून पुढच्या टप्प्यात जाण्यासाठी एकच जागा होती आणि ती स्कॉटलंडने पटकावली. डच संघाचा खरा कस स्कॉटलंड, आयर्लंड आणि थायलंड यांच्यासमोर लागतो. त्यामुळे ओव्हरडाइकचे मूल्यमापन करायचे असेल तर या तीन संघांविरुद्धचे तिचे धावफलक काढून पाहावेत, ती कितव्या षटकात गोलंदाजीला येते आणि धावा किती रोखते हे तपासावे.

हाच न्याय फलंदाजांनाही लावावा लागेल. डच फलंदाज स्टेरे कॅलिसने जून २०१९ मध्ये जर्मनीविरुद्ध नाबाद १२६ धावा केल्या, पण तिच्या दर्जाचा अधिक भरवशाचा पुरावा मी इंग्लंडमधील देशांतर्गत क्रिकेट मानतो, कारण नॉर्दर्न डायमंड्सकडून तिला दर आठवड्याला पूर्णवेळ व्यावसायिक गोलंदाजांना तोंड द्यावे लागले.

स्क्वेअरलेग:
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. आयर्लंड आणि स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यांपासून सुरुवात करतो. दर्जा परत मिळाल्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये आयर्लंडविरुद्ध ॲम्स्टेलवेन येथे झालेले एकदिवसीय सामनेही त्यात धरावेत का?

पॉपिंगक्रीझ:
जरूर धरा, पण टी-२० च्या आकड्यांत मिसळू नका. अकरा वर्षांच्या खंडानंतरचे ते त्यांचे पहिलेच अधिकृत एकदिवसीय सामने होते आणि पन्नास षटकांचा डाव कसा बांधावा हे संघातील बहुतेकजणी तिथे नव्याने शिकत होत्या.