बी.ए. सायकॉलॉजी: घेऊ द्या तिला
ताई, मुलीला सायकॉलॉजी घ्यायचंय आणि घरचे म्हणताहेत पुढे काय करणार, तर माझं स्पष्ट मत, घेऊ द्या. मी धुळ्याहून जळगावला येऊन शिकले, आणि पहिल्याच वर्षी कळलं की इथे मन ओळखणं वगैरे नसतं, स्टॅटिस्टिक्स असतं, आणि प्रॅक्टिकलला समोरच्याला निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून तो किती विसरला ते मोजायचं (एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हे स्वतःवरच केलं, १८८५ ला छापलं), मला तर तेच सगळ्यात आवडलं. फक्त तिला आत्ताच सांगा, नुसत्या बी.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजार तपासून उपचार करणारा तज्ज्ञ, होता येत नाही, पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. वेळ लागेल, पण आपल्याकडे कापूस गेला की घरातला माणूस गप्प होतो ना, त्याच्याशी बोलणारं कोणीतरी हवंच आहे हो.