कळलावीचा कंद गाऊटवर द्यावा का?

कोकणकडा: गाऊटने (यूरिक अ‍ॅसिड सांध्यात साठून येणारी सूज) बाबांचा पायाचा अंगठा परत टम्म सुजलाय, चादरही लागू देत नाहीत. गावातले काका म्हणतात, कळलावीचा कंद उगाळून पोटात द्या.

फार्मसीवाली: अजिबात नको! त्यात कोल्चिसिन असतं, गाऊटच्या गोळीतलंच. पण गोळीत मोजून ०.५ मिलिग्रॅम, कंदात किती, कोण सांगणार? जास्त झालं की आधी जुलाब-उलट्या, मग मूत्रपिंडं, अस्थिमज्जा.

रानभटक्या: श्रावणात कुंपणावर काय सुंदर फुलते ही बया! लांबूनच बघा.

कोकणकडा: गोळीने यूरिक अ‍ॅसिड उतरेल?

फार्मसीवाली: नाही हो. ती पांढऱ्या पेशींना सांध्याकडे धावू देत नाही, सूज आवरते. अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल वेगळी. बाबांना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने कोल्चिसिन अंगात साठतं.